राईचा पर्वत आणि पर्वताची राई, दोन्ही एकाच हातून

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच सामाजिक प्रश्नावर काही जण आभाळ कोसळल्यासारखं बोलतात, तर काही जण "असलं काही नसतंच" म्हणून उडवून लावतात. यात पूर्वग्रहाचा हात किती? आणि प्रश्न खरोखर केवढा आहे हे तुमच्याआमच्यासारख्याने ओळखायचं कसं?

मी बावीस वर्षं सामाजिक सर्वेक्षणांच्या कामात आहे. प्रश्नावल्या तयार करणं, माहिती गोळा करणाऱ्यांना शिकवणं आणि आलेले आकडे निवडून-टिपून साफ करणं हा माझा रोजचा उद्योग. सुरुवातीला मीही माणसांचे दोन गट पाडत असे: राईचा पर्वत करणारे आणि डोळ्यांवर कातडं ओढून बसणारे. आता पाडत नाही. एका प्रश्नावर घसा कोरडा करणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाकडे अगदी सहज कानाडोळा करतो. कुठे ओरडायचं आणि कुठे गप्प बसायचं हे बहुतेकदा दोष कोणाच्या दारात जाऊन पडणार यावर ठरतं. पुस्तकातून कळायच्या आधी हे मला स्वतःच्या टेबलावर कळलं, म्हणून तिथूनच सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही शाळागळतीचं एक सर्वेक्षण दोन भागांत, म्हणजे दोन वेगळ्या परिसरांत केलं. पहिल्या भागात गळती भरपूर असणार याची मला खात्री होती. तसं मी आधी बोलूनही बसले होते. दुसऱ्या भागात मुलांना शाळेत टिकवण्याची एक योजना चालू होती आणि ती आखण्यात माझा हात होता. निकाल आले. पहिल्या भागात गळती जबरदस्त. मी मान हलवली आणि फाइल पुढे सरकवली. दुसऱ्या भागातही जवळजवळ तेवढीच. इथे मात्र मी खुर्ची पुढे ओढून बसले. फॉर्म काढले, तारखा पाहिल्या, प्रश्नावली पुन्हा वाचली. दुपारपर्यंत चूक सापडली. "मूल गेल्या महिन्यात शाळेत गेलं का?" असा एक प्रश्न होता, आणि फॉर्म भरले गेले होते सुट्टी संपता संपता. म्हणजे सुट्टीवर असलेली मुलंही "शाळा सोडलेली" म्हणून मोजली गेली होती. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी सगळ्यांना हे दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी डेटा एंट्री बघणारी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, पहिल्या भागातले फॉर्मही त्याच आठवड्यातले आहेत. तिथलाही आकडा खाली आणायचा ना?"

मी खोटं काही केलं नव्हतं. दुसऱ्या भागातली चूक खरीच होती. फक्त ती शोधायचे कष्ट मी नको असलेल्या आकड्यासाठी घेतले आणि हव्या असलेल्या आकड्याला दारातूनच आत घेतलं. पूर्वग्रह म्हटला की आपल्यासमोर खोटं बोलणारा, द्वेषाने पेटलेला माणूस येतो. प्रत्यक्षात तो असा दिसतो: प्रामाणिक, मेहनती, पुराव्यानिशी बोलणारा, आणि एकाच बाजूचे पुरावे तपासणारा. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी यावर नेमकं बोट ठेवलं आहे. आवडती गोष्ट समोर आली की आपण मनाशी विचारतो, "हे मानता येईल का?" नावडती आली की विचारतो, "हे मानलंच पाहिजे का?" पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणायला एक उदाहरण पुरतं. दुसऱ्याला "नाही" म्हणायला एक त्रुटी पुरते. आणि त्रुटी नसलेलं सर्वेक्षण मी तरी अजून पाहिलेलं नाही.

1979 मध्ये स्टॅनफर्डमध्ये चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही विद्यार्थ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूने आणि एक विरुद्ध. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम आणि दुसरा कच्चा वाटला. संमिश्र पुरावा वाचून माणसं मध्यावर यायला हवीत. उलट आपापली मतं आणखी पक्की झाल्याचं त्या विद्यार्थ्यांनीच सांगितलं. तेव्हा "लोकांना माहिती द्या म्हणजे पूर्वग्रह जाईल" असं कोणी म्हणालं की मी जरा थांबते.

आता मूळ मुद्द्यावर येते. अतिशयोक्ती आणि दुर्लक्ष ही एकमेकांच्या विरुद्ध टोकं आहेत असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलंय. माझा अनुभव असा की प्रश्नाचा एक तुकडा फुगवणं हाच पुष्कळदा दुसरा तुकडा लपवायचा मार्ग असतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे लहान मुलांवरच्या अत्याचाराचा अमेरिकेतला इतिहास.

1946 मध्ये जॉन कॅफी या रेडिओलॉजिस्टने सहा तान्ह्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेलं, आणि त्याच मुलांच्या हातापायांच्या लांब हाडांना अनेक फ्रॅक्चर. एक्स-रे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते. तरी आईबापच मारत असतील हे स्वच्छ म्हणायला वैद्यकाला बराच काळ लागला. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांचा मारहाण झालेल्या मुलांवरचा लेख आला 1962 मध्ये. हाडं ठिसूळ असतील, मूल पडलं असेल, काहीतरी अज्ञात विकार असेल, अशी कारणं मधल्या काळात पुरत होती. समोर बसलेले सभ्य दिसणारे पालक आणि लाइटबॉक्सवरची फिल्म या दोन्हींचा मेळ घालणं नकोसं होतं. केम्प यांच्या लेखानंतर मात्र चक्रं झपाट्याने फिरली. 1967 पर्यंत अमेरिकेतल्या सर्व राज्यांत अशा मुलांची माहिती कळवण्यासंबंधी कायदे झाले होते.

वीसच वर्षांत काटा दुसऱ्या टोकाला गेला. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीवर आरोप झाले. चौकशीत मुलांना पुन्हा पुन्हा, सूचक प्रश्न विचारले गेले आणि त्यांतून जमिनीखालचे बोगदे, प्राण्यांचे बळी, सैतानाची पूजा अशा कहाण्या निघाल्या. प्रकरण 1990 पर्यंत चाललं, एकालाही दोषी ठरवता आलं नाही. देशभर अशी इतर प्रकरणं उभी राहिली. एफबीआयचे केनेथ लॅनिंग यांनी वर्षानुवर्षं अशा तक्रारी तपासून 1992 च्या अहवालात मांडलं की संघटित सैतानी टोळ्यांचा पुरावा सापडत नाही. ऐंशीच्याच दशकात दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापले जात आणि दर वर्षी 50,000 मुलं अनोळखी लोक पळवतात, असा आकडा सर्रास फिरत होता. डेन्व्हर पोस्ट या वृत्तपत्राने तो तपासला. हरवलेल्यांपैकी बहुतेक मुलं घरातून निघून गेलेली किंवा ताब्याच्या भांडणात आईने-बापाने नेलेली निघाली. या कामाला 1986 चा पुलित्झर हा पत्रकारितेतला पुरस्कार मिळाला. पुढे 1999 सालासाठी केलेल्या सरकारी राष्ट्रीय अभ्यासात, आपल्या डोक्यात "अपहरण" म्हटल्यावर जे चित्र येतं तशा घटनांचा वर्षाचा अंदाज निघाला 115. कुटुंबातल्याच कोणी मूल नेल्याच्या घटना दोन लाखांवर.

इथे दुर्लक्षाचा काळ संपून अतिशयोक्तीचा सुरू झाला, असं वाटू शकतं. नीट बघा. 1946 मध्ये "आईबाप असं करणार नाहीत" म्हणून घर संशयातून वाचलं. 1983 मध्ये "हे करणारे कोणी परके, कोणी सैतान" म्हणून पुन्हा घरच वाचलं. मुलांना सगळ्यात जास्त धोका ओळखीच्या माणसांकडून असतो हे दोन्ही वेळा नजरेआड राहिलं. एकदा गप्प बसून, एकदा ओरडून.

म्हणून कोणी एखादा प्रश्न फुगवतोय असं वाटलं तर मी पहिल्यांदा विचारते, या आवाजात कोणता दुसरा आवाज बुडतोय? आणि कोणी उडवून लावत असेल तर, हे मान्य केल्यावर याच्या वाट्याला काय काम येणार आहे?

फुगवण्यामागची मानसिक यंत्रणा तशी बरीच अभ्यासलेली आहे, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. जे पटकन आठवतं ते वारंवार घडतं असं मन धरून चालतं, हे अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1973 मध्येच मांडलं. 1978 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात लोकांना मृत्यूच्या कारणांच्या जोड्या देऊन कोणत्या कारणाने जास्त माणसं मरतात असं विचारलं होतं. पक्षाघाताने त्या वेळी अमेरिकेत सगळ्या अपघातांच्या जवळजवळ दुप्पट माणसं मरत होती. पाचांतल्या चौघांनी अपघाताकडे बोट दाखवलं. अपघाताची बातमी होते, पक्षाघाताची होत नाही. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहण्यांत 1993 पासून बहुतेक वर्षी किमान 60 टक्के अमेरिकी लोक म्हणत आले की देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले. याच काळात एफबीआयच्या नोंदींनुसार हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. यातली गंमत अशी की "तुमच्या भागात?" असं विचारलं की वाढ सांगणाऱ्यांची संख्या बरीच कमी होते. आपली गल्ली आपण डोळ्यांनी पाहतो, देश मात्र बातम्यांतून.

फुगवण्याचा आणखी एक प्रकार कमी परिचित आहे. 2018 मध्ये डेव्हिड लेव्हारी, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी लोकांना जांभळ्या ते निळ्या छटांचे ठिपके एकेक करून दाखवले आणि फक्त "निळा की नाही" एवढंच विचारलं. हळूहळू निळे ठिपके कमी केले. लोक आधी ज्याला जांभळा म्हणत होते त्याला आता निळा म्हणू लागले. आधी बजावून सांगितलं, पैशांचं आमिष दाखवलं, तरी तेच. धोकादायक वाटणारे चेहरे कमी केले तेव्हा साधे चेहरे धोकादायक ठरले. म्हणजे प्रश्न खरंच घटत असताना आपली व्याख्या गुपचूप रुंदावत जाते आणि "काही बदललंच नाही" असं प्रामाणिकपणे वाटत राहतं. एक सावधगिरी मात्र हवी. व्याख्या रुंदावणं दर वेळी भ्रमच असतो असं नाही. नवऱ्याने बायकोवर केलेली लैंगिक जबरदस्ती एकेकाळी गुन्ह्यात धरलीच जात नव्हती. पुढे अनेक देशांनी ती धरली, आणि ते योग्यच झालं. रुंदावायची तर उघडपणे रुंदावावी, आणि जुना-नवा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये, एवढंच.

स्वीडनचं उदाहरण यासाठी घेण्यासारखं आहे. तिथे बलात्काराच्या नोंदी इतर देशांपेक्षा खूप जास्त दिसतात. तिथली पद्धत अशी की एकाच पीडितेवर एकाच माणसाने अनेकदा अत्याचार केला असेल तर प्रत्येक घटना वेगळी मोजली जाते. कायद्यातली व्याख्या 2005 मध्ये रुंद झाली आणि 2018 मध्ये संमती हा निकष आला. एक बाजू नुसता आकडा उचलून "बघा, देश बुडाला" म्हणते. दुसरी बाजू "ते सगळं मोजणीचं आहे" म्हणून हात झटकते. मोजणी बदलली म्हणजे गुन्हे वाढले नाहीत असंही सिद्ध होत नाही. त्या एका आकड्यावरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही, एवढंच खरं. असं वाक्य बोलणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, हे अनुभवाने सांगते.

आता उडवून लावण्याकडे वळू. माझ्या मते ही बाजू जास्त धोक्याची आहे, कारण ती समंजसपणाच्या वेशात येते. फुगवणारा आरडाओरडा करतो म्हणून पकडला तरी जातो. उडवणारा शांतपणे "भावनेच्या भरात जाऊ नका" म्हणतो आणि खोलीतला शहाणा ठरतो.

त्याचं पहिलं शस्त्र म्हणजे "मी तर असं कधी पाहिलं नाही." खरं असतं ते. पण न दिसण्याचं कारण बऱ्याचदा आपण कोण आहोत यात असतं. प्रश्नावली बनवणाऱ्या कोणालाही हे रोज भेटतं. "तुमच्यावर घरात अत्याचार झाला आहे का?" असं विचारलं की बायका "नाही" म्हणतात. तिथेच "कधी थप्पड मारली का? कधी ढकललं का? केस ओढले का?" असं एकेक विचारलं की तीच बाई दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाला थांबते, मुलाला बाहेर खेळायला पाठवते आणि मग बोलते. "अत्याचार" हा शब्द तिच्या लेखी तिच्या घरासाठी नाहीच, तो पेपरातल्या बायकांसाठी आहे. अनोळखी प्रगणकासमोर ही स्थिती असेल तर मित्रमंडळींच्या गप्पांत "आमच्याकडे नाही असलं काही" हे किती धरायचं, तुम्हीच बघा.

दुसरं शस्त्र दोष पीडितावर ढकलण्याचं. मेल्विन लर्नर यांनी 1966 मध्ये केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना एका मुलीला विजेचे झटके बसताना दाखवलं (झटके खोटे होते, प्रेक्षकांना ते माहीत नव्हतं). ज्यांना तो छळ थांबवता येत नव्हता त्यांचं त्या मुलीबद्दलचंच मत घसरलं. जग न्यायी आहे, करावं तसं भरावं लागतं, हा विश्वास टिकवायचा तर भोगणाऱ्यात काहीतरी खोट काढावीच लागते. "तीच तशी असेल" हे वाक्य निर्दय माणसंच बोलतात असं नाही. घाबरलेली माणसं जास्त बोलतात.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ड्यूक विद्यापीठातल्या ट्रॉय कॅम्पबेल आणि ॲरन के यांनी 2014 मध्ये दाखवलं की माणसं अनेकदा प्रश्न नाकारतात ते त्याचा उपाय आवडत नाही म्हणून. अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांना तापमानवाढीचा अंदाज सांगितला. सोबत उपाय म्हणून सरकारी निर्बंध दाखवले तेव्हा 22 टक्क्यांनी तो अंदाज मान्य केला. उपाय मुक्त बाजाराचा दाखवला तेव्हा 55 टक्क्यांनी. अंदाज तोच. डाव्या विचारांची माणसंही यातून सुटली नाहीत: त्याच लेखात बंदुकीवर नियंत्रण हवं असणाऱ्यांनी, घरफोडीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बंदूक पुढे आल्यावर, घरफोडीचं गांभीर्यच कमी लेखलं.

हे वाचल्यापासून मी बैठकांमध्ये एक पथ्य पाळते. "प्रश्न केवढा आहे", "दोष कोणाचा" आणि "करायचं काय" हे तीन विषय एका बसण्यात घेत नाही. पहिल्या आकड्यालाच उपायाचा वास आला की माणसं आकड्याशी भांडू लागतात. भांडण आकड्याचं नसतंच.

चांगल्या हेतूने प्रश्न फुगवणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण माझ्या क्षेत्रात तेच जास्त आहेत. "थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडलं, लोक जागे तर होतील!" बिघडतं. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात पर्यटक दगड बनलेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे खुणा केलेले तुकडे ठेवून वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. "आजवर पुष्कळ पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं आहे" अशा आशयाच्या पाटीजवळ जवळजवळ 8 टक्के तुकडे गेले. "कृपया नेऊ नका" म्हणणाऱ्या साध्या पाटीजवळ 2 टक्क्यांहून कमी. सगळेच करतात असं सांगितलं की करणाऱ्याची लाज जाते. शिवाय एकदा फुगा फुटला की सुक्याबरोबर ओलंही जळतं: 50,000 खोटे ठरल्यावर त्या 115 मुलांबद्दलही लोक खांदे उडवतात.

मग ओळखायचं कसं? "निःपक्षपाती राहा" असं स्वतःला बजावून काही होत नाही, आणि हे मी हवेत बोलत नाही. लॉर्ड आणि लेपर यांनीच 1984 मध्ये फाशीचा तो प्रयोग पुन्हा केला. काहींना न्यायाधीशासारखं तटस्थ राहायला सांगितलं. फरक पडला नाही. दुसऱ्यांना सांगितलं की प्रत्येक टप्प्यावर विचारा, हाच अभ्यास उलट निकाल घेऊन आला असता तर मी याला इतकंच चांगलं किंवा वाईट म्हटलं असतं का? तिथे पक्षपात ओसरला. माझ्या शाळागळतीच्या फाइलवर त्या मुलीने नेमकं हेच केलं होतं, तिला हा प्रयोग माहीत नसताना.

याखेरीज छेद विचारा, म्हणजे हा आकडा कितींपैकी आहे ते. "प्रकरणं दुप्पट" म्हणजे लाखात 2 ची 4, की शंभरात 20 ची 40? कोण मोजतंय आणि मोजणी कधी बदलली हे विचारा. पोलिसांतल्या नोंदी आणि घरोघरी जाऊन केलेली पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आकडा बघायच्या आधी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवा. पेनाने. नंतर "मला वाटलंच होतं" म्हणायची सोय राहत नाही. मी गेली काही वर्षं हे करते आणि माझे अंदाज ज्या दिशेला चुकतात ती दिशा आता ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे.

एक धोक्याची सूचना. हे सगळं वाचून पहिली इच्छा होते ती समोरच्याचा पूर्वग्रह दाखवून द्यायची. एमिली प्रोनिन यांच्या 2002 च्या अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या पूर्वग्रहांची वर्णनं देऊन विचारलं होतं. बहुतेकांना ते इतरांमध्ये जास्त आणि स्वतःत कमी दिसले. कोणाला "तू पूर्वग्रहदूषित आहेस" म्हणणं हीसुद्धा प्रश्न उडवून लावायची एक सोयीची पद्धत आहे. समोरच्याचा हेतू वाईट असला तरी त्याचा आकडा बरोबर असू शकतो.

आमच्याकडे आता निकालाच्या फाइल्स माझ्यापर्यंत येतात तेव्हा त्यांवर भागांची नावं नसतात, नुसतं "क" आणि "ख". चुका काढून मी सही केल्यावरच नावं उघडतात. ही पद्धत त्याच मुलीने सुरू केली. ती आता सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात मी तिला सहज म्हणाले की "ख" बहुतेक अमुक भाग असणार. तिने काही न बोलता दोन्ही फाइल्स उचलल्या आणि अक्षरं बदलून परत आणल्या.